आबांनी दाखवलेली गंगा

आमच्या घरात पावसाचा अंदाज टिटवीवरून बांधला जायचा. चैत्र सरत आला की आबा, म्हणजे माझे आजोबा, सकाळच्या गारव्याला गंगेकडं, म्हणजे आमच्या गोदावरीकडं, निघायचे आणि टिटवीनं यंदा अंडी कुठं घातलीत ते हुडकून यायचे. पार खाली पाण्याच्या अंगाला घातली असली तर पाऊस बेताचा. वर दरडीच्या कडेला, नांगरटीत घातली असली तर गंगेला मोठं पाणी. कडबा किती राखायचा आणि किती विकायचा, हे त्यावर ठरायचं. मी त्यांच्यामागं पळत जायचो. एकदा चालता चालता ते थांबले, काठी आडवी धरून मला मागं सारलं आणि म्हणाले, "पाय जपून टाक, लेकरा. म्होरं अंडी हैत." मला नुसते खडे दिसत होते. मळकट रंगाचे, काळ्या ठिपक्यांचे चार खडे, निमुळती टोकं आत वळवून ठेवलेले, आणि भोवती बारीक खड्यांचं कडं. डोक्यावर टिटवीनं आकांत मांडला होता. आबांनी मला खाली बसवून बराच वेळ नुसतं बघायला लावलं, हात लावू दिला नाही. मग आल्या वाटेनं आम्ही मागं फिरलो.

पुढं हातात कॅमेरा आला, लांब पल्ल्याची लेन्स आली, पाखरांची पुस्तकं आली. पण पाखराच्या घरी गेल्यावर कसं वागायचं, याचा धडा तेवढाच झाला. त्यात भर घालावी असं मला अजून काही सापडलेलं नाही.

किनाऱ्यावरची भटकंती म्हटली की लोकांना तारकर्ली, हरिहरेश्वर, गणपतीपुळे आठवतं. कॅमेरे गळ्यात अडकवून तिकडं जाणारे माझे मित्र मलाही बोलावतात, आणि मी गेलोही आहे. समुद्र बघून मन भरतंच. पण आम्हा बीडकडच्या माणसांचा किनारा म्हणजे गंगथडी. पैठणहून खाली आलेली गोदावरी गेवराई तालुक्यात आपल्या जिल्ह्याला लागते आणि माजलगावच्या अंगानं पुढं परभणीकडं जाते. जिल्ह्याची उत्तरेची शीव म्हणजे ही गंगाच. ऐलाड आम्ही, पल्याड संभाजीनगर नि जालना. काळ्या मातीच्या उंच दरडी, दरडीखाली मळई, मळईखाली वाळू आणि वाळूच्या पार पलीकडं कुठंतरी पाणी. उन्हाळ्यात त्या वाळूवरून चालत पाण्यापर्यंत जायचं म्हणजे तळपाय भाजून निघायचे. दुष्काळी बालाघाटातून आमच्याकडं पाहुणे आले की तेवढी वाळू आणि तेवढं पाणी बघूनच हरखून जायचे.

घरातला पहिला कॅमेरा नानांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा. शाळामास्तर होते. आग्फाचा क्लिक थ्री, काळा डबा, एका रोळात बारा फोटो. रोळ बीडहून आणायचा आणि धुवायलाही बीडलाच न्यायचा, म्हणून नाना एकेक फोटो तोलूनमापून काढायचे. आजी त्यांच्यापुढं कधी उभी राहिली नाही. "फोटूनं आयुष्य कमी व्हतं," म्हणायची आणि पदर तोंडावर ओढून चुलीपुढं जाऊन बसायची. तिचा एकच फोटो आहे, तोही पाठमोरा. नानांच्या फोटोंतले बहुतेक वाळवीनं खाल्ले. उरलेल्यांतल्या एकात नाव आहे, नावेत टरबुजांचा ढीग आहे, आणि ढिगावर एक पोरगं बसलंय. तो मी, असं आई सांगायची. आत्या म्हणते, छे, तो तुझा थोरला भाऊ. पोराच्या तोंडावर टरबुजाची फोड आडवी आल्यामुळं निकाल लागण्याजोगा नाही.

ती टरबुजं गंगेतलीच. पौष-माघात पाणी उतरलं की भोई मंडळी वाळूत आळी खणायची. वरची वाळू कोरडी ठणठणीत, पण हातभर खाली ओल लागायची. तिथं शेणखत भरून टरबूज, खरबूज, काकडी, डांगर लावायचे. रात्री राखणीला पाल्याच्या खोपी असायच्या. वैशाखात वेलांनी सगळं पात्र हिरवं व्हायचं आणि खरबुजाचा वास दरडीच्या वर गावापर्यंत यायचा. आजी खरबुजाच्या फोडी गुळात कालवायची, वर वेलदोडा नाही, काही नाही, आणि सोबत ज्वारीची भाकरी. बाहेरगावच्या लोकांना हे जेवण सांगितलं की ते चमकून बघतात. ज्यानं वैशाखातल्या दुपारी दंडात ओलं फडकं बांधून ते खाल्लंय, त्याला सांगावं लागत नाही.

आबांच्या धाडसाची एक गोष्ट घरात फार सांगितली जायची. माझ्या वडिलांच्या जन्माच्या वेळी आजी अडली. सुईण होती पल्याडच्या गावात आणि गंगा दोन्ही थड्या भरून वाहत होती. नाव घालायला भोई तयार होईना. तेव्हा आबा भोपळ्याची सांगड बांधून पल्याड गेले आणि पाणी जरा ओसरताच सुईणीला घेऊन आले, असं आई सांगायची. आत्याचं म्हणणं, सांगड वगैरे काही नाही, म्हशीचं शेपूट धरून गेले. म्हैस पाण्याला भीत नाही नि वाटही चुकत नाही. आणि आजी म्हणायची, ते येईपर्यंत मी बाळंत झाले होते. वडिलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे, तेव्हा पुराचा महिना कोणता हेही ताडता येत नाही. पण आबांच्या उजव्या दंडावर लांबलचक व्रण होता, तो त्या पुरातल्या ओंडक्याचा, एवढ्यावर तिघींचं एकमत होतं.

याच गंगेनं एकदा मोठ्या लढाईचा निकाल लावला. राक्षसभुवनची लढाई, 10 ऑगस्ट 1763. त्या साली निजामअलीनं पुणं लुटलं, जाळलं आणि मराठ्यांनीही त्याचा मुलूख उधळला. परतीच्या वाटेवर निजाम राक्षसभुवनला गंगा उतरून पल्याड गेला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागच्या फौजेसह ऐलाडच राहिला. गंगेला पूर. तेवढ्यात राघोबादादा नि माधवराव पेशवे येऊन भिडले. माधवरावांचं वय तेव्हा अठरा. विठ्ठल सुंदर पडला, फौज कापली गेली, आणि निजामाला पल्याडच्या थडीवरून ते नुसतं बघावं लागलं. पुढं औरंगाबादेस तह झाला आणि 82 लाखांचा मुलूख त्यानं मराठ्यांना कबूल केला.

पुस्तकात हे एवढं आहे. आबांच्या सांगण्यात गंगा तीन दिवस तांबडी वाहिली, नि ज्यांचे धनी पडले ते घोडे कितीतरी दिवस मळईतल्या पिकात चरत फिरत होते. आमच्या माजघराच्या दाराला लावायला लोखंडाचा एक गोळा होता, नारळाएवढा. नांगराला लागलेला, लढाईतला, असं आबा सांगायचे. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून आजी तो पायानं ढकलून लावायची, आणि माझ्या चुलतबहिणींनी त्याला बाहुलीचं पाळणाघर राखायला बसवलं होतं. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा तो कुणाकडं गेला, कुणालाच आठवत नाही.

मी मोठेपणी राक्षसभुवनला श्रावणात कितीदा गेलो. शनीचं दर्शन घ्यायचं, घाटावर उतरायचं आणि 1763 ची गंगा फोटोत यावी म्हणून धडपडायचं. येत नसे. दरड आहे, घाट आहे, पल्याडचं गाव आहे. पण पात्रात गुडघाभर पाणी आणि त्यात म्हशी. या पाण्याला निजाम अडेल कसा? वर पैठणला धरण झाल्यापासून खालची गंगा पावसावर वाहत नाही, दरवाज्यांवर वाहते. मग 2006 चा ऑगस्ट आला. जायकवाडीतून पाणी सुटलं ते गावोगाव शिरलं. माणसांचे फार हाल झाले, गोठ्यातली जनावरं गेली, आणि त्या दिवसांत कॅमेरा काढायला हात धजला नाही. पाणी उतरू लागल्यावर एका सकाळी दरडीवर उभा राहिलो. चहाच्या रंगाचं पाणी, त्यातून गोल फिरत जाणारी बाभळीची अख्खी झाडं, पल्याडची थडी धुरकट आणि फार लांब. तिकडून कुणी हाक मारली असती तर ऐकू आली नसती. एकच फोटो काढला. विठ्ठल सुंदरची फौज कशात सापडली होती, ते त्या फोटोत आहे. तो आबांना दाखवायला हवा होता. ते त्याआधीच गेले.

धरणाची गोष्टही आबांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकली. जायकवाडी हे गाव आपल्या बीड जिल्ह्यातलं. निजामाच्या राजवटीत गोदावरीवर धरण बांधायची पहिली आखणी झाली ती या जायकवाडीजवळ. पुढं हैदराबाद संस्थान गेलं, राज्यांची फेररचना झाली, नवी आखणी झाली आणि धरण शंभरेक किलोमीटर वर पैठणला सरकलं. नाव मात्र जुनंच राहिलं. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते 1965 साली पायाभरणी झाली आणि 1976 साली धरण पुरं झालं. आबा म्हणायचे, आपल्याकडं झालं असतं तर आपली जमीन बुडाली असती. नाही झालं म्हणून पाणी वरच राहिलं. दोन्ही गोष्टी ते एकाच श्वासात बोलायचे आणि दोन्हींचं त्यांना सारखंच दुःख असायचं.

मधे बहात्तरच्या दुष्काळाचं साल येऊन गेलं होतं. बहात्तरचा विषय निघाला की आमच्या घरातली सगळीच म्हातारी माणसं आवाज उतरवून बोलायची. गंगा आटली. बायका वाळूत झिरे खणायच्या, करवंटीनं पाणी घागरीत भरायच्या, आणि घागर भरेस्तोवर मागचीचं पोर रडून झोपायचं. दुष्काळी कामावर खडी फोडायची, पाझर तलावाची माती उचलायची, आणि मिलोची तांबडी भाकरी खायची. आजीनं त्यानंतर लाल रंगाची ज्वारी घरात येऊ दिली नाही. सुकडीची मात्र तिला गोडी लागली होती. म्हातारपणी कधी कधी गव्हाचं पीठ भाजून, गूळ घालून ती स्वतःच करायची आणि आम्हाला मूठमूठ द्यायची.

पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी पुढं माजलगावला आणलं आणि सिंदफणेवर धरण झालं, 1987 साली. त्यात आत्याचं सासर बुडालं. घरं उठून वरच्या माळावर गेली. आत्याला नवं घर पत्र्याचं मिळालं, पुढं त्याचं सिमेंटचं झालं, लेकं शिकली, बीडला नळाला माजलगावचं पाणी आलं. आत्या कधी कुरकुरली नाही. पण बीडला आमच्या घरी पाणी प्यायला दिलं की पेला हातात धरून म्हणायची, "हे आमच्या घरावरून आलेलं पाणी."

2016 चा उन्हाळा आठवा. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते साल. माजलगावचं धरणही तळाला गेलं होतं. आत्या म्हणाली, मला ने. भेगाळलेल्या गाळातून तिचा हात धरून चाललो. मला सगळं सारखंच दिसत होतं, दगड नि माती. ती मात्र सरळ चालत गेली, एका ठिकाणी वळली, जिथं वळली तिथं पूर्वी गल्ली असणार, आणि एका जोत्यापाशी थांबली. पायानं गाळ सारला. खाली उखळ होतं, जमिनीत पुरलेलं, काठ घासून गुळगुळीत झालेले. तिनं त्यात हात घातला, आतला गाळ ओंजळीनं काढला आणि पदरानं काठ पुसला. "हितं तिखट कांडायचे बघ मी. तिकडं सासूबाई बसायच्या." मग इतक्या सहज, घरात बसल्यासारखी, शेजारच्या दगडावर टेकली, की मला कॅमेरा काढायला काही संकोच वाटला नाही. तिच्या मागं लांबवर उरलेल्या पाण्याची पट्टी आहे आणि पाण्याच्या कडेला शेकाट्यांची रांग, तांबड्या लांब पायांवर उभी. त्यांच्या दृष्टीनं तो किनारा. आत्याच्या दृष्टीनं ती पाटलाची आळी.

थंडीत पाणवठ्यांवर पाहुणी पाखरं येतात. वर पैठणच्या धरणाचा नाथसागर उथळ आणि अफाट, 1986 पासून पक्षी अभयारण्य; तिथं हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात, कधी रोहित येतात. आमच्या अंगाला चक्रवाकाच्या जोड्या, धोबी, कुदळे, चमचे. आजी चक्रवाकाला फार मानायची. रात्री नर एका थडीला, मादी दुसऱ्या थडीला राहते आणि रात्रभर एकमेकांना हाका मारतात, असं ती सांगायची. मोगलाईच्या शेवटच्या दिवसांत, रझाकारांच्या भीतीनं तिला नि पोरांना पल्याडच्या नातेवाइकांकडं ठेवलं होतं आणि आबा ऐलाड घर राखत होते. 1948 च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, आभाळात विमानं दिसली, तोवरचे ते दिवस. आबा संध्याकाळी दरडीवर कंदील वरखाली हलवायचे, म्हणजे सगळं ठीक. नावाड्याला वर्षाचं धान्य ठरलेलं असे, पण त्या दिवसांत तो तरी रोज कसा येणार? म्हणून कंदील. चक्रवाकाची गोष्ट सांगताना आजी हे कधी जोडून बोलली नाही. ते आम्ही मागून जोडलं.

मला सगळ्यात जास्त कळवळा येतो तो नदीसुरयांचा. पिवळी चोच, काळी टोपी, पाण्यावरून तीर सुटावा तसं उडणारं पाखरू. उन्हाळ्यात उघड्या वाळूवर, नुसत्या उथळ खळग्यात ते अंडी घालतं. वाळूत पोटावर पालथं पडून, भल्या पहाटे, जवळ न जाता त्यांचे फोटो काढायचे असतात. ऊन चढल्यावर पाखराला अंड्यावरून उठवलं तर अंडी भाजतात. नर चोचीत मासोळी घेऊन येतो, मादी मान वर करते. एवढंच, पण त्यासाठी मी कितीही पहाटे उठायला तयार असतो. आता ती वाळूच राहिली नाही. केनी लावून पात्रातून वाळू ओढतात, रात्रभर हायवा धावतात, दरडी ढासळतात. जिथं टरबुजाची आळी होती तिथं पुरुषभर खड्डे आहेत, त्यात पोहायला गेलेली पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. वाळूच्या पोटात पाणी राहायचं, म्हणून बहात्तरमध्ये झिरे लागले. वाळू गेल्यावर पुढच्या बहात्तरला काय खणायचं? गेल्या उन्हाळ्यात मला सुरयांची घरटी सापडली ती एका लहानशा बेटावर, जिथं ट्रॅक्टर उतरत नाही. बेटाचं नाव मी छापत नाही.

पांचाळेश्वरचं मंदिर पात्रातच आहे, महानुभावांचं आत्मतीर्थ. पुरात ते पाण्याखाली जातं आणि पुन्हा वर येतं. पुरुषोत्तमपुरीला यादवांच्या रामचंद्र राजाचा 1310 सालचा ताम्रपट सापडला, त्याच्या पुरुषोत्तम नावाच्या मंत्र्यानं हा अग्रहार वसवला. अधिक मासात तिथं पाय ठेवायला जागा नसते. आजी तेहतीस अनारसे घेऊन जायची, आणि देवळाच्या विटा पाण्यावर तरंगतात म्हणून आम्हाला सांगायची. मंजरथला सिंदफणा गंगेला मिळते. ही सगळी ठिकाणं मी पुन्हा पुन्हा चाललोय, सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. वाटेत भेटेल त्या म्हाताऱ्या माणसापाशी बसायचं. काठाचा चांगला फोटो कुठून मिळेल हे त्यांना बरोबर ठाऊक असतं, कारण पाणी पूर्वी कुठून वाहायचं ते त्यांना माहीत असतं.

त्यांतले एक भोईआप्पा. नाव घालायचे, आता पूल झाले, नाव दारात पालथी पडलेली असते आणि तिच्यावर मिरच्या वाळत असतात. मी छापून नेलेले फोटो ते उन्हात धरतात, जवळ आणतात, लांब नेतात. मला जो नुसता वळसा वाटतो त्याला ते नाव सांगतात: हा म्हशीचा डोह, हा वऱ्हाडाचा, हितं वऱ्हाडाची नाव उलटली व्हती, माज्या आज्याच्या येळंला. हा उतार, हितनं बैलगाडी जायची. मी फोटोच्या मागं पेन्सिलीनं लिहून घेतो. काही नावं मी आबांच्या तोंडून ऐकलेली असतात, पण जागा ठाऊक नसते. आप्पांनी बोट ठेवलं की ती जागेवर बसतात.

निम्मा गठ्ठा अजून त्यांना दाखवायचा राहिलाय. मागच्या खेपेला सून चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी फोटो खाली ठेवले नि डोळे चोळले. "हुरडा निघाला की ये," म्हणाले. "तव्हर डोळ्याचं आपरेशन झालेलं आसंल. त्यो दुसरा डोह मला नीट दिसंना. बघून सांगतो."